पेणहून उलट्या दिशेला गेलेला पाट

पेणला मी एका अनोळखी घरच्या गणपतीच्या पाटावर बसलो. नुसता टेकलो नाही. पाय पसरून ऐसपैस बसलो आणि वर “आ हा हा” असा आवाजही काढला.

आता हे कसं झालं ते सांगतो.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको शैला, नाशिकहून केरळला निघालो होतो. आषाढ-श्रावणात तिकडे अंगाला तेल चोळून घ्यायला लोक महिना महिना जाऊन राहतात म्हणे. माझी कंबर बरेच दिवस माझ्याशी फटकून वागत होती, तेव्हा तिला केरळ दाखवायचं ठरलं. गाडीने, किनाऱ्याकिनाऱ्याने, जिथे वाटेल तिथे थांबत जायचं. आणि पहिला मुक्काम पेण. तिथे दोन दिवस काहीही न करता पडून राहायचं. “पेणला विश्रांतीला कोण जातं?” असं शेजारच्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. महाबळेश्वरला गेलं की सगळे पॉइंट बघावे लागतात. पेणला दुपारी झोपलो तर मनाला टोचणी लागत नाही.

रामवाडी

हायवेजवळच रामवाडीत खोली मिळाली. एका खिडकीतून ट्रक दिसायचे, दुसऱ्या खिडकीतून हिरवेगार डोंगर. ट्रकच्या खिडकीला पडदा होता आणि डोंगराच्या खिडकीला नव्हता. म्हणजे बांधणाऱ्याला कळत होतं.

दुपारी जिताडा खाल्ला. हा खाडीतला मासा धरमतरच्या बाजूने येतो आणि इथले लोक त्याचं नाव आवाज खाली आणून घेतात, जसं आपण घरातल्या दागिन्यांबद्दल बोलतो. वाढणाऱ्या बुवांनी ताटात तुकडा ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

“बघताय काय?” मी विचारलं.

“खावा तुम्ही. जिताडा खाल्ला की मानूस झोपतो. नाय झोपला तर मासा खोटा.”

मासा अगदी खरा होता. मी संध्याकाळपर्यंत घोरलो. शैलाच्या म्हणण्याप्रमाणे ट्रकवाले हॉर्न वाजवून उत्तर देत होते.

पेण, दुसरा दिवस

सकाळी पावसाची भुरभुर होती. पेणला येऊन गणपतीचे कारखाने बघितले नाहीत म्हणजे नाशिकला येऊन गोदावरी कुठे आहे विचारण्यासारखं. म्हणून एका गल्लीत शिरलो. लांबट शेड, आणि आत ओळीने शाडूचे गणपती. रंग नाही, डोळे नाहीत. कोणी आपल्याकडे बघत नसतं, तरी तिथे माणसाची वागणूक आपोआप सुधारते. माझी सुधारली नाही.

कारखाना सुनंदाकाकींचा. कोपरापर्यंत माती लागलेले हात, कपाळावर मोठं कुंकू, आणि आवाज हायवे ओलांडून जाईल असा. त्या शैलाला सोंडेचं वळण कसं देतात ते दाखवत होत्या. माझी कंबर बोलायला लागली होती. भिंतीशी लाकडी पाट एकावर एक रचून ठेवले होते, बरोबर बसायच्या उंचीचे. कंबरेने सांगितलं, मी ऐकलं.

“ओ पाव्हनं! उठा! उठा आधी! कुनाच्या गणपतीच्या जागेवर बसलाव ते बघा तरी!”

मी उठलो. आणि शैलाने बायकोच्या हाताला असते त्या सवयीने माझ्या पँटवर मागून सपासप चापट्या मारल्या.

“थांब गो बाय, झाडू नको!” काकी ओरडल्या. “पाटावरचं नाव उठलंय त्यावर!”

आम्ही नाशिककर गणपती कसा आणतो? चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात जातो, चार मूर्तींची नाकं पारखतो, त्यातली एक ताटात घेतो, वर रुमाल टाकतो, झालं. इथे तसं नसतं. इथे गणपतीच्या आधी त्याचा पाट जातो. घरचा पाट आषाढात मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि त्यावर तो घरचा गणपती घडवतो. दुसऱ्याच्या पाटावरची मूर्ती कोणी घरात घेत नाही. पाट कोणाचा हे चुकू नये म्हणून त्यावर खडूने नाव, गाव आणि गणपती कसा हवा ते लिहून ठेवतात. माझी पँट पावसाने ओलसर होती. वरच्या पाटावरचा सगळा मजकूर तिने उचलला होता आणि शैलाने तो झाडून टाकला होता.

राहिला होता एकच शब्द, तोही आरशातल्यासारखा उलटा. शैलाने माझ्या मागे वाकून तो मोठ्याने वाचला.

“रोहा.”

काकींनी यजमानांना फोन लावला. ते शाडू आणायला गुजरातेत गेले होते.

“अहो, परवा रोह्याचा पाट घेतलाव तो कुनाचा?”

“नाव लिवलंय की पाटावर.”

“ते पुसलं.”

“कुनी पुसलं?”

काकींनी माझ्याकडे बघितलं. “एका पाव्हन्यानं. बसून.”

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, “फोन नंबरपन पाटावरच हाय. बाई होती. पहिलाच गणपती हाय घरात. नदीकडची आळी, निळं दार. एवढंच आठवतंय. सगळं डोक्यात ठेवायचं असतं तर लिवलं कशाला असतं?”

काकी मटकन खाली बसल्या. उद्या सकाळी या पाटांवर माती चढायची होती. “एवढी वर्षं झाली, एका घरचा पाट दुसऱ्या घरी गेला नाय माज्या हातून. आनि ही बिचारी पहिल्यांदा आनतेय.”

“मी शोधून काढतो,” मी म्हणालो. छाती पुढे काढली, कारण मागची बाजू दाखवण्यासारखी नव्हती.

“जावा. पाटाचा फोटो काढून न्या. बाई सापडली की मला फोन लावून द्या. आनि ती पँट धुवू नका, तेवढाच पुरावा हाय.”

काकी चहा टाकायला आत गेल्या. मी मोबाईलवर फोटो काढला. त्यात एक लाकूड दिसत होतं. फोटोतली सगळी लाकडं सारखीच दिसतात. बाईने फोटो बघून “माझा नाही” म्हटलं तर? मी थोडा विचार केला. माझी मोठमोठी चुकलेली कामं थोड्या विचारानंतरच झालेली आहेत. आणि पाट उचलून गाडीत ठेवला.

शैला म्हणाली, “अहो, त्या फोटो म्हणाल्या.”

“वस्तू ती वस्तू,” मी म्हणालो. “फोटो तो फोटो.”

कासूच्या अलीकडे

गाडी शैला चालवत होती. पाट डिकीत टाकायचा नाही एवढी बुद्धी मला होती, म्हणून तो मांडीवर. दोन्ही बाजूला भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, आणि एका तालात मागे सरकणारे हात. कासूच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. पाट गाडीत एकटा ठेवायला जिवावर आलं, म्हणून डोक्यावर घेऊन उतरलो.

बांधावरच्या बायकांना आधी माझी मागची बाजू दिसली.

“गो, ह्याच्या ढुंगनावर कायतरी लिवलंय!”

“गावाचं नाव असंल. हरवला तर परत पोचवायला!”

अख्खं शेत हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

टपरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. पाट बघून ते उठून उभे राहिले आणि हात जोडले. “पेणला चाललाव ना?” त्यांनी आदराने विचारलं.

“नाही, पेणहूनच आणला,” मी म्हणालो.

त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अर्धा चहा ठेवला आणि छत्री उघडून निघून गेले.

“किती भाविक लोक आहेत,” मी शैलाला म्हणालो.

रोहा

कुंडलिका तुडुंब भरून वाहत होती. नदीकडच्या आळीत निळं दार शोधायला वेळ लागला नाही. रंग नुकताच दिलेला होता. नवा रंग म्हणजे नवा गणपती, हे माझं गणित. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक छोटी धातूची नळी तिरकी बसवलेली होती. मला ती बेल वाटली. दाबली. वाजली नाही, म्हणून पुन्हा दाबली, जोरात.

दार उघडून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. पांढरा सदरा, डोक्याला गोल टोपी, डोळ्यांत मिश्कील चमक.

“बेल नाय ती,” ते म्हणाले. “पन हात लावलाव ते चांगलं केलंत. आमच्यात आत येताना तिला हात लावायचाच असतो.”

मला यातलं काही कळलं नाही. डोक्यावर पाट होता आणि डोक्यात यश.

“पाट तुमचाच ना?”

“कसला?”

“गणपतीचा. किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?”

त्यांनी शांतपणे विचार केला. “अजून तरी एकदापन आला नाय. आयुष्य गेलं. पन तुम्ही एवढा डोक्यावर घेऊन आलाव, आता नाय कसं म्हनू?”

शैलाने मागून माझा शर्ट ओढला आणि दारावरची पाटी दाखवली. एका बाजूला मराठी अक्षरं, दुसऱ्या बाजूला हिब्रू. माझ्या तोंडून निघालेला आवाज लिहिता येण्यासारखा नाही.

ते मनमोकळे हसले. त्यांचं नाव सॅमसन, आळीत सगळे सॅमसनकाका म्हणत. मी दाबलेली नळी म्हणजे त्यांची मेझुझा, आत प्रार्थनेचा कागद. एके काळी इथे त्यांच्या यहुदी समाजाची बरीच घरं होती, आता ते आणि दोन मांजरं. मुलं इस्राएलला.

“तुम्ही नाही गेलात?” शैलाने विचारलं.

“गेलो होतो की. राहिलो थोडे महिने. सगळं हाय तिथं. पन जिताडा नाय, आनि मराठीत भांडायला मानूस नाय. परत आलो.” मग त्यांनी पाटाकडे बघितलं. “निळं दार म्हनता ना? माझा रंग उरला, तो बाजूच्या सुरेखाला दिला. तिचंच असनार. थांबा.” आणि त्यांनी मधल्या भिंतीवरून हाक मारली, “सुरेखा, गो सुरेखा! पाव्हनं आलेत बघ तुझ्याकडं!”

शेजारचं निळं दार उघडलं. तिशीतली एक बाई बाहेर आली. कंपनीचा निळसर ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. दुसऱ्या शिफ्टला निघाली होती. मी दोन पावलं पुढे झालो आणि विजयी आवाजात म्हणालो,

“ताई, तुमचा पाट आणलाय परत!”

तिच्या हातातला डबा पायरीवर पडला.

“परत?”

“हो, म्हणजे—”

“काकींनी घेतला नाय?”

“घेतला होता, पण...”

“मग परत का आला?”

मी तिच्या हातात द्यायला पाट खाली घेऊ लागलो. “आत नका आनू! उंबऱ्याच्या आत नको!” ती इतकी घाबरून ओरडली की मी पाट पुन्हा डोक्यावर ठेवला आणि तसाच पावसात उभा राहिलो.

मग कळलं. दिलेला पाट रिकामा परत येत नाही. तो येतो तेव्हा त्यावर गणपती असतो. रिकामा आला म्हणजे देवाने घर नाकारलं. काकींनी हे मला सांगितलं नव्हतं, कारण हे कोणाला सांगावं लागतं? कासूच्या त्या म्हाताऱ्यांनी हात का जोडले आणि मग अर्धा चहा टाकून का गेले, तेही आता समजलं. आषाढात पाट पेणकडे जातात. मी अख्ख्या रायगड जिल्ह्याला पाट उलटा जाताना दाखवला होता.

सुरेखा पायरीवर बसली. नवरा धरमतरला बार्जवर कामाला, आठवड्याने घरी येणारा. गेल्या साली थोरल्या दिरापासून वेगळे होऊन त्यांनी हे दोन खोल्यांचं घर बांधलं. घरचा गणपती अर्थात थोरल्याकडे. ती आपला आणते म्हणाली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, गणपती काय कुणाच्याही दारी येतो का, त्याला घर लागतं. तिच्या माहेरचा फणस वादळात पडला होता. त्याच्या लाकडाचा तिने पाट करून घेतला. तोच हा पाट. आता तो माझ्या डोक्यावर होता आणि त्यावरून पाणी गळत होतं.

“आळीला कळायला किती वेळ लागतो?” ती म्हणाली. रडत नव्हती, त्यामुळे बघवत नव्हतं. “म्हनतील, आला होता, दारातून परत गेला.”

विनोद करायची मला सवय आहे. तिथे एकही सुचला नाही. मी सगळं खरं सांगितलं. कंबर, पाट, ओली पँट, शैलाच्या चापट्या.

“बसलाव?” ती म्हणाली. “माझ्या पाटावर बसलाव?”

मी पाठ फिरवून पुरावा दाखवला. सॅमसनकाकांनी चष्मा लावला. “रोहा,” त्यांनी लगेच वाचलं. “आमची प्रार्थना उजवीकडून वाचतात, मला अवघड नाय.”

सुरेखाच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण तेवढाच.

सॅमसनकाका तिच्या शेजारी पायरीवर बसले. “ऐक गो. आमच्याकडं पोराची सुंता असते ना, तेव्हा एलियाहू नबीसाठी एक खुर्ची मांडतात. चांगली, गादी घालून. तिच्यावर कोनाला बसू देत नाय. रिकामी दिसते. आता ती बघून कोन म्हनतं का, नबी आला नाय, रुसला? आमी म्हनतो, जागा केली, तो येनार. रिकामी जागा म्हंजे नाही म्हनलं असं नसतं. यायचंय असं असतं.”

ती उठली. ओढणीने पाटाची एक कड पुसली. मी अजून तो धरूनच होतो, कारण ठेवायचा कुठे हे कोणी सांगितलं नव्हतं.

काकींना फोन लावला. पहिली काही मिनिटं माझी होती. ती इथे लिहीत नाही. मग त्या म्हणाल्या, “तिला द्या.” शैलाने स्पीकर लावला.

“सुरेखा, उंबरा चढलाय का पाट?”

“नाय काकी.”

“मग परत आलाच नाय तो. वाटेतच हाय. नारळ ठेव त्यावर आनि तुझ्या हातानं घेऊन ये. हा मानूस आनील तुला. नाय आनलं तर त्याची गाडी ठेवून घे.”

सुरेखा शिफ्ट बदलून घ्यायला फोन करत होती, तोवर सॅमसनकाकांनी आम्हाला आत नेऊन बशीत मलिदा दिला. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, केळी. नातीची परीक्षा चांगली गेली म्हणून सकाळी केलेला. आमच्याकडे मलिदा खाणारे लोक वेगळेच असतात, पण हा प्रकार त्यापेक्षा फार चांगला आहे. मग त्यांनी परसातला नारळ सोलून त्यांच्या ओट्यावर टेकवलेल्या पाटावर ठेवला. मला म्हणाले, “आता याला हात लावू नका. बघा नुसते.”

पुन्हा पेण

येताना सुरेखा मागे बसली, मांडीवर पाट, पाटावर नारळ. मी पुढे, हात घडी घालून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. कासूजवळ लावणी अजून चालूच होती. या वेळी गाडीची दिशा बरोबर होती, पण ते बघायला टपरीवर ते म्हातारे नव्हते.

काकी कारखान्याच्या दाराशी हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. पाटाला हळद लावली, सुरेखाच्या कपाळाला कुंकू, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. नाव या वेळी खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिलं. सुरेखाने स्वतः.

“कसा हवा गणपती?” काकींनी विचारलं.

“बसलेला. साधाच. फेटा नको.” ती क्षणभर थांबली. “जाऊबाईंच्या गणपतीला फेटा हाय.”

“मग बरोबर,” काकी म्हणाल्या.

माती उद्या चढायची होती. पण काकींनी मळलेल्या शाडूचा मूठभर गोळा तिच्या हातात दिला आणि पाटाच्या मधोमध ठेवायला सांगितला. असं कोणाला करू देत नाहीत म्हणे. सुरेखाने गोळा आधी कपाळाला लावला. मग ठेवला, दाबला, बोटांचे ठसे उमटले. शैलाने डोळे पुसले. मीही पुसणार होतो, पण मी काहीही पुसू नये असं वातावरण होतं.

सुरेखा पाटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काकी, सगळं नीट झालं. पन आज रिकामा माझ्या दाराशी आला होता, हे काय मनातून जात नाय बघा.”

काकींनी मातीचे हात कमरेवर ठेवले. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मधे पोटावर जरा जास्त वेळ थांबल्या, आणि म्हणाल्या,

“रिकामा कुठं आला गो? हे बसलेच होते की त्याच्यावर. पोट अगदी गणपतीचं, बुद्धी तेवढी उंदराची!”